तिसऱ्या हाकेची ओ

दिगंबरचा फोन वाजतच राहिला, तेव्हाच मला कळलं. एरवी दिवेलागणीला त्याचा फोन यायचाच, पण तो उचलायचा नसायचा. एकदा वाजून बंद, पुन्हा वाजून बंद, तिसऱ्यांदा वाजून बंद. तीन मिस कॉल म्हणजे 'आक्का, मी बरा आहे'. ऑपरेशननंतर माझ्या भावाला आवाजच उरला नव्हता, तर फोनवर बोलणार काय? म्हणून आम्ही दोघांनी ही रीत पाडून घेतली होती. इकडे डोंगरकडा गावात, माझ्या घरी, मी भाकरी थापत असले, तर पिठाच्या हातानं नुसतं मोबाइलकडे बघायची आणि तीन पुरे झाले की तव्याकडे वळायची. त्या दिवशी पहिलाच कॉल वाजला आणि तुटेना. मी बघत राहिले. तुटेल, आता तुटेल... हिरवं बटण दाबायचा धीरच होईना. कारण त्या नंबरवरून माणसाचा आवाज येण्याचा एकच अर्थ होता. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा फोन उचलला. भावजय होती, रेखा. ती एवढंच म्हणाली, "आक्का, या."

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला आलेली माणसं सांगतात, पेंटर दिगंबर म्हणजे हात सोन्याचा होता हो. होता. हिंगोलीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्यानं रंगवलेल्या पाट्या अजून आहेत, पुसेगावला एका कृषी केंद्रावरचं कापसाचं बोंड तर असं आहे की हात लावून बघावंसं वाटतं. पण मी पाट्यांबद्दल लिहायला बसलेली नाही. दिगंबरनं आणखी एक गोष्ट केली. तिला आमच्याकडे नाव नाही, आणि ती केल्याबद्दल त्याला कोणी शाल-नारळ दिलं नाही. ती गोष्ट त्यानं एकाच माणसासाठी केली. त्या माणसाचं काय होणार, हा विचार मला सुखानं जेवू देत नाही.

आमचं गाव साखरा. वडील आम्ही लहान असतानाच गेले, मायनंच वाढवलं. मायचा एक नियम होता, आणि आमच्या भागात तो पुष्कळ घरांत असतो. दिवे लागल्यावर बाहेरून कोणी नाव घेऊन बोलावलं, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस तीनदा हाक मारतं, दुसरं काही असलं तर ते एकदाच मारतं आणि जो ओ देईल त्याला घेऊन जातं. मी पुढे डी.एड. होऊन मास्तरीण झाले, मुलांना विज्ञान शिकवलं, पण आजही संध्याकाळी शेजारणीनं हाक मारली की माझं तोंड तिसऱ्यांदाच उघडतं. दिगू तर भरदुपारीही तीनदा बोलावल्याशिवाय हलायचा नाही. ऐदीपणाला मायनंच पांघरूण शिवून दिलं होतं, असं मी त्याला चिडवायची.

चित्रकलेचा कोर्स करून त्यानं नोकरीसाठी चपला झिजवल्या आणि शेवटी हिंगोलीत ब्रश घेऊन शिडीवर चढला. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा त्याची चांदी झाली. गावोगावच्या शाळांवर, सोसायट्यांवर, दुकानांवर 'जि. परभणी' लिहिलेलं होतं, ते सगळं 'जि. हिंगोली' करायचं. दिगू म्हणायचा, आक्का, सरकारनं एक शब्द बदलला आन् माझं घर बसवलं. खरंच तेव्हाच त्यानं हिंगोलीत घर केलं, रेखाला आणि मायला घेऊन आला. नुकतीच कोमल झाली होती. टपोऱ्या डोळ्यांचं, शांत लेकरू. हाक मारली तर बघायचं नाही. पुन्हा मारली तरी नाही. तिसऱ्यांदा हाक मारत आपण समोर जाऊन उभे राहिलो की मात्र तोंडभरून हसायचं. मायला कोण आनंद. "शहाणं हाय माझं लेकरू," ती येईल त्याला सांगायची, "पैल्या हाकेला ओ देत न्हाई. शिकवावं बी लागलं न्हाई." कोमल बोलत नव्हती, त्यावरही उत्तर तयार होतं. बापही उशिराच बोलला होता. आम्ही सगळे हसायचो. मी, मुलांना शिकवणारी बाई, मीही हसायची. बहिरं लेकरू आमच्या मांडीवर खेळत होतं आणि आम्ही त्याच्या वळणाचं कौतुक करत होतो. हे असं आमच्याच घरात होऊ शकतं.

ते कळलं रस्त्यावर. दिगू साखऱ्याला जायच्या फाट्यावर शिडी लावून हॉटेलाची पाटी रंगवत होता. रेखा आणि कोमल गावाकडे निघाल्या होत्या, एसटीची वाट बघत खाली झाडाखाली बसल्या होत्या. चार वर्षांचं पोरगं खेळत खेळत रस्त्याच्या मधोमध गेलं. मागून एसटी आली, ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही, आणि कोमल खाली बसून खडे वेचत राहिली. दिगूनं वरून हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली, ती फाट्यावरच्या झाडून सगळ्या माणसांनी ऐकली... एका लेकरानं सोडून. बस दोन हातांवर थांबली. दिगू शिडीवरून उतरला की पडला हे त्यालाही आठवत नव्हतं. अंगावर लाल रंगाचा डबा सांडलेला, तसाच तो रस्त्यात बसला आणि तिच्या कानाशी टाळ्या वाजवू लागला. ती त्याच्या टाळ्यांकडे बघून हसत होती.

मग दवाखाने सुरू झाले. नांदेड झालं, औरंगाबाद झालं. कानातलं मशीन लावून बघितलं, त्याचा उपयोग नव्हता. जिथं नसच आवाज नेत नाही तिथं मशीन काय करणार, असं डॉक्टर समजावून सांगायचे. मायनं नवस बोलायचे तेवढे बोलले, आणि एक दिवस देवासमोर बसून स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. दिगू रडला नाही. तो फक्त मुका झाल्यासारखा हिंडायचा. मला म्हणाला, "आक्का, मला तिनं बोलावं असं बी न्हाई. फकस्त मी हाक मारली तर तिला कळावं. येवढंच. बापानं हाक मारल्याली लेकराला कळू नये, मंग बाप काहून म्हनायचं?" मी त्याला धीर द्यायला गेले होते. तशीच परतीच्या एसटीत बसले.

त्याच सुमाराला फ्लेक्स आलं. मशीनवर छापलेल्या चकचकीत पाट्या, एका दिवसात हातात. ब्रशाचं काम बघता बघता आटलं. तग धरायचा तर कॉम्प्युटरवर डिझाइन शिकणं भाग होतं, म्हणून दिगू एका सायबर कॅफेत जाऊन बसू लागला. तिथं कोणीतरी गाणी लावायचं आणि पडद्यावर गाण्याबरोबर रंगांच्या लाटा नाचायच्या. सगळे बघायचे, दिगूनं मात्र विचारलं, गाण्याच्या ठिकाणी माणूस बोलला तर? मालकानं माइक जोडून दिला. दिगूनं वाकून त्यात म्हटलं, "कोमल." आणि पडद्यावर कोमल उमटली. अक्षरं नव्हेत, एक निळी लाट. तो तसाच सायकलवर घरी आला, पोरीला दांडीवर बसवून कॅफेत घेऊन गेला. ती लाट बघून तिनं आधी पडद्यामागे जाऊन बघितलं, मग बापाच्या तोंडाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. हे मला रेखानं सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. त्या घरात हसू ऐकून किती काळ झाला होता.

मग घरात जुना कॉम्प्युटर आला. इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी शेजारी घेऊन दिगू त्याच्यासमोर बसायचा. सुरुवातीला मला वाटलं, हे खूळ आहे. पाट्या गेल्या, हा आता खेळण्यात जीव रमवतोय. पण तयार लाटा त्याला नको होत्या, कारण त्या सगळ्यांना सारख्याच दिसत. जाड आवाजाला एक रंग, बारीक आवाजाला दुसरा, जोरात बोललं तर चित्र मोठं, तुटक बोललं तर तुकडे तुकडे, असं त्यानं त्या यंत्राला एकेक करून शिकवलं. रंग त्यानं स्वतः कालवले, म्हणजे माऊसनं, पण 'कालवले' असंच म्हणायचा. त्याचा स्वतःचा आवाज गडद निळा, शाईसारखा. रेखाचा हळदी पिवळा. मायचा फिकट हिरवा, थरथरता. माझ्या आवाजाला केशरी काटे फुटायचे. मी रागावले तर म्हणाला, "मी काय करू, मशीनच सांगून राहिलं तुमचा सोभाव." आणि कोणीही एकच सूर न हलवता लांबवला की पडद्यावर गोल तयार व्हायचा आणि मोठा होत होत विरून जायचा.

त्या गोलानं कोमलला ओ द्यायला शिकवलं. तो तिचा एक हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, दुसरा तिच्या स्वतःच्या, आणि म्हणायचा, ओ... निळा गोल. मग ती करायची. आधी नुसते लाल ठिपके पडायचे. मग अर्धा गोल. बापलेक घामाघूम होऊन उठायचे, सकाळी पुन्हा बसायचे. पहिला लाल गोल पुरा मिटला, टोकाला टोक जुळलं, तेव्हा मी तिथं होते. आवाज ओबडधोबड होता, गळ्यातून ओढून काढल्यासारखा, पण ती ओ होती. माय उठून आत गेली आणि चुलीपुढे बसून रडली. त्यानंतर तो मॉनिटर ओसरीत आला, तोंड अंगणाकडे. माइकची वायर ओसरीतल्याच दिगूच्या टेबलापर्यंत. कोमल अंगणात कुठंही खेळत असो, दिगू तिथून तीनदा हाक मारायचा, पडद्यावर तीनदा निळं उजळायचं आणि ती धावत येऊन म्हणायची, ओ. तीनच हाका, हे मायच्या समाधानासाठी. फक्त लोडशेडिंगच्या वेळी सगळं थांबायचं. वीज गेली की दिगू म्हणायचा, पोरगी पुन्हा बहिरी झाली.

एका वर्षी गणपतीत त्याच्या गल्लीच्या मंडळानं त्याला देखावा करायला सांगितला. त्यानं भिंतीला चुना दिला, भाड्यानं प्रोजेक्टर आणला, माइक ठेवला आणि पाटी लिहिली की भिंतीला हाक मारा, भिंत ओ देईल. झाली का पंचाईत. आरतीची वेळ, दिवे लागलेले, आणि ओ देणाऱ्या भिंतीला हाक मारायला एक माणूस पुढे येईना. बायका लांबूनच हात जोडून जायच्या. एक म्हातारी तर मला विचारत होती, ही भिंत कोणाची ओ देते, आधी ते सांगा. मंडळाचा अध्यक्ष तोंड पाडून उभा. तेव्हा कोमल पुढे गेली आणि तिनं माइकशी तोंड नेऊन आपली ती ओ दिली. भिंत इथून तिथून लाल झाली. मग रांग लागली ती विसर्जनापर्यंत. पुण्याकडून सासुरवाडीला आलेला एक चित्रकार दिगूला म्हणाला, शहरात याला इंटरॅक्टिव्ह आर्ट म्हणतात, डिजिटल कला. दिगूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असंल. आमी याला ओ देनं म्हनतो."

इथं थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं...

पुढच्या वर्षी कोमल पडद्याकडे बोट दाखवू लागली. बापाचा गोल मिटत नव्हता. निळ्या रंगाला एका बाजूनं फट पडायची, कड खरबरीत दिसायची. ती त्या फटीवर बोट ठेवून मान हलवायची, नाही, नाही. आम्हाला ऐकायला काही वेगळं वाटत नव्हतं. थोडा घसा बसलाय, शिडीवर धूळ, त्यात तोंडात तंबाखू, चालायचंच. दिगूला वाटलं, माइक बिघडला. त्यानं तो खोलून पुसला. मग नांदेडहून नवा आणला. मग वायर बदलली, मग सगळा प्रोग्रॅम पुसून पुन्हा भरला. फट तशीच. रेखाचा पिवळा गोल मिटायचा, माझेही काटे ठणठणीत होते, म्हणजे यंत्रात दोष नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्हाला कळलं नाही. कोमल रोज बोट दाखवत होती आणि आम्ही माइक पुसत होतो. महिने गेले. एकदा लेकरू ऐकत नव्हतं तेव्हा आम्ही ते शहाणं समजलो, आणि आता ते सांगत होतं तेव्हा आम्हाला ऐकू येत नव्हतं.

स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. लवकर आला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्या तंबाखूच्या पुड्या मी लहानपणापासून त्याच्या खिशातून काढून फेकत आले होते. तेव्हाही माझ्या तोंडातून आधी रागच बाहेर पडला. रेखा रडली नाही, तिनं एकच धोसरा लावला की ऑपरेशनच्या आधी आवाज टेप करून ठेवा. तीन हाका, कोमलच्या नावाच्या, बस. बटण दाबलं की निळं उमटेल. मीही तेच म्हणत होते, अगदी हातापाया पडून. जायच्या आदल्या दिवशी ओसरीत बसून तो घोगऱ्या आवाजात माझ्याशी बोलला. तेच त्याचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं. "आक्का, टेप हाक मारील. पन लेकरू पळत यील, ओ दील, आन् टेप त्याच्याकडं बघनार बी न्हाई. असली हाक मारायची न्हाई. माय म्हनती ना, मानसाबिगर जी हाक येती तिला ओ देऊ न्हाई."

मला राग आला. अजून आहे. तो बरोबर होता असं म्हणणारे म्हणतात, मला ते पटत नाही. एक हाक ठेवून गेला असता तर काय बिघडलं असतं? आज त्या घरात पिवळा आहे, हिरवा आहे, केशरी आहे. निळा कुठंच नाही. जगात कुठंच नाही.

ऑपरेशननंतर तो गळ्याशी रुमाल बांधून परत आला. कोमलनं त्याला माइकसमोर नेऊन बसवलं आणि वाट बघितली. त्यानं ओठ हलवले. पडदा काळाच. तिनं माइक हलवून बघितला, वायर बघितली, जे तिनं आम्हाला महिनोन् महिने करताना पाहिलं होतं ते सगळं केलं. मग तिला समजलं असावं, कारण ती त्याच्या मांडीत शिरली. दिगूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, टेबलावरचा ब्रश उचलला आणि त्याच्या दांडीनं माइकवर ठोकलं. टक. पडद्यावर एक पांढरा गोल उठला. टक, टक. आणखी दोन. कोमलनं वर बघितलं आणि म्हणाली, ओ. पुढचं सगळं वर्ष बाप लेकीला असाच बोलावत राहिला, आणि मला मिस कॉलवर. दुखणं उलटलं, अंग वाळत गेलं, ब्रश धरवेना तेव्हा तो नखानं ठोकायचा. रेखा सांगते, शेवटच्या संध्याकाळीही त्यानं ठोकलं होतं. नेमकी वीज नव्हती. पडदा उजळला नाही, अंगणातली कोमल आली नाही. रेखा तिला बोलवायला धावली, आणि दोघी आत येईपर्यंत... हे रेखा मला अनेकदा सांगते.

मागच्या आठवड्यात मी हिंगोलीला गेले होते. माय खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. रेखा दळणाला गेलेली. वीज नुकतीच आली होती आणि ओसरीतला मॉनिटर चालू होता. आल्या आल्या वीज त्याला द्यायची, ही त्या घराची सवय अजून सुटलेली नाही. टेबलावर धूळ बसली होती. मला धूळ बघवत नाही, म्हणून फडकं घेऊन पुसायला लागले. माइक पुसताना हातातून निसटला, टेबलावर आपटला, दोनदा-तीनदा उसळला. पडद्यावर पांढरे गोल उठले, एकामागून एक. मी माझ्याच नादात होते. अंगणात कोमल दोरीवरचे कपडे काढत होती. कपडे मातीत टाकून ती धावत आली, श्वास लागलेला, डोळे असे की मला आयुष्यात पुन्हा तसे डोळे बघायचे नाहीत. दारातूनच तिनं ओ दिली. स्वच्छ, लांब, पुरी. पडद्यावर लाल गोल उमटला आणि नीट मिटला.

दहा वर्षांची आहे ती. मरण तिला कळतं. बापाला नेताना ती तिथं होती, राख सावडताना होती. तरी आली. हाक आली तर ओ द्यायची, एवढं एकच त्यानं तिला शिकवलं होतं.

तिनं मला पाहिलं, माझ्या हातातलं फडकं पाहिलं. रडली नाही. पुढे येऊन माइक उचलून जागेवर ठेवला, माझ्या हातातून फडकं घेतलं आणि बाहेर जाऊन मातीतले कपडे एकेक उचलू लागली. मी तिथंच बसून राहिले. तिला जवळ घ्यावं, समजवावं असं मनात येत होतं, पण तिला बोलवायचं कसं? हाक मारायची सोय एकच होती, आणि त्या माइकला मी पुन्हा हात लावणार नव्हते.

आता त्या टेबलावर धूळ आहे. रेखा रोज ओसरी झाडते, टेबल सोडून.